दिव्याचं कडं

नगर जिल्ह्याचे सगळे तालुके पालथे घातले, तरी माझ्या साडूंइतक्या प्रामाणिकपणे बनावट माल तयार करणारा माणूस तुम्हाला सापडायचा नाही. बनावट माल करणारे पुष्कळ आहेत, पण ते दुसऱ्याला फसवायला करतात. आमचे साडू आधी स्वतःला फसवून बघतात. एखादा लोखंडी तुकडा तयार झाला की तो मूळ तुकड्याशेजारी ठेवायचा, घरात जाऊन चहा घ्यायचा, आणि परत येऊन यातला आपला कोणता ते ओळखायचं. ओळखता आला, तर तो भंगारात. नाही ओळखता आला, तर दिवसभर स्वारी खुशीत. एकदा तर अशा खुशीच्या भरात त्यांनी मूळ तुकडाच गिऱ्हाइकाला देऊन टाकला आणि स्वतः केलेला नमुना म्हणून खिळ्याला टांगला. हे लक्षात आल्यावर दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. हे पेढे घेऊन आमच्या घरी आले.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. जुन्या लढायांतल्या गाड्या पुन्हा चालत्या करायचं वेड असलेली काही माणसं जगात आहेत. महायुद्धातली जीप, तोफ ओढणारा ट्रक, असलं काहीतरी कुठल्या तरी गोठ्यातून शोधून काढायचं आणि नव्या नवरीसारखं नटवायचं. आता लढाई संपली, लढणारे गेले, गाड्या करणाऱ्यांनीही त्यातलं बरंच काही करायचं केव्हाच सोडून दिलं. मग त्या गाडीची बिजागरी तुटली तर मिळायची कुठं? तर भिंगारच्या पुढं, एका बिनपाटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आम्हा नगरकरांना लष्करी गाड्यांचं तसं अप्रूप नाही. दुसऱ्या गावची पोरं रस्त्यात म्हशी आडव्या आल्या म्हणून शाळेत उशिरा जातात, आमच्याकडे रणगाडा आडवा येतो. पण त्या गाड्यांच्या पायी चांगली नोकरी सोडणारे आमच्या माहितीत हे एकटेच. सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते प्रेसवर होते. दिवसभर एकसारखे तुकडे पाडून जीव विटला म्हणून सोडली. मी विचारलं, "मग आता वेगळं काय करता? आताही एकासारखं दुसरंच करता की."

"पाव्हणं," ते म्हणाले, "तितं एकासारखं दुसरं आपोआप यायचं. हितं आनावं लागतं."

मी जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. आमच्याकडे हुबेहूब म्हणजे झेरॉक्स, आणि तीही साक्षांकित असल्याशिवाय कुणी खरी मानत नसे. त्यामुळे हा फरक माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला.

गंजलेला तुकडा आला की त्याचा गंज उतरवायचा, मगच त्याची मापं घ्यायची, ही त्यांची पद्धत. बाजारात त्यासाठी औषधं मिळतात, पण साडूंचा विश्वास ताकावर. ताकात तुकडा बुडवून ठेवला की गंज हळूहळू सुटतो, लोखंडाला इजा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. ताक अर्थातच सुमनच्या स्वयंपाकघरातलं. एका रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. कढी झकास झाली होती. दुसऱ्या वाटीला माझ्या दाताखाली काहीतरी कचकन लागलं. मला वाटलं दाढ गेली. काढून बघतो तो वायसर. सुमन लाजेनं अर्धी झाली. "दाजी, मी गाळून घेतलं होतं हो ताक," म्हणायला लागली. साडूंनी मात्र माझ्या तळहातावरचा तो वायसर चिमटीत उचलला, उजेडात धरला आणि इतक्या कृतज्ञतेनं माझ्याकडे पाहिलं की दाढ दुखतेय हे सांगायचं माझं धाडस झालं नाही. "सापडला! दोन दिस सगळं घर पालथं घातलं," असं म्हणून ते ताटावरून उठून शेडमध्ये गेले.

माझ्या मुलाचा साखरपुडा राहात्याला होता. व्याही पेरूच्या बागांचे मालक, मानपानाला पक्के. ऐन मुहूर्ताला साडू गायब. शोधाशोध झाली, तेव्हा बागेच्या कडेला लष्कराच्या लिलावातून कुणीतरी कधीकाळी आणलेला पाण्याचा एक जुना गाडा उभा होता, त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पायात नवे बूट होते, त्यावरून ओळख पटली. त्यांना ओढून काढलं, शर्ट झटकला, मांडवात आणून बसवलं. पुढं पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली. व्याही टोपी घालायला वाकले, तसा साडूंनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "ही टोपी ऱ्हाऊ द्या. मला ती टोपी द्या." सोयरीक मोडते की काय, म्हणून माझी बायको पांढरीफटक पडली. ती टोपी म्हणजे त्या गाड्याच्या चाकाची लोखंडी टोपी आहे, हा उलगडा व्हायला बराच वेळ गेला. व्याही शेवटी दिलदार निघाले. साडूंनी स्वतः पाना लावून टोपी काढली आणि व्याह्यांनी ती ताटात ठेवून, हळद-कुंकू लावून त्यांना दिली. आजही राहात्याला गेलो की माझ्या आधी "ते टोपीवाले बरे आहेत ना?" अशी चौकशी होते.

त्यांचं काम किती चोख हे मी सांगण्यात अर्थ नाही, कारण ते कुणाला दिसतच नाही. दिसलं तर बिघडलं, असा हा धंदा. छावणीच्या मैदानावर एकदा जुन्या गाड्या मांडल्या होत्या, तेव्हा ते आम्हा सगळ्यांना हौसेनं घेऊन गेले. एका जीपपाशी उभं करून म्हणाले, "ह्यात माझं काय हाय, वळखा." आम्ही वाकून पाहिलं, बसून पाहिलं. कुणालाच काही ओळखता आलं नाही. साडूंना असा काही आनंद झाला की परतताना सगळ्यांना मिसळ चारली. सुमन म्हणाली, "काही ओळखायचंच नव्हतं, तर आणलंत कशाला?" तिला मिसळ तिखट लागली की आणखी काही, माहीत नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मूळ तुकड्यातल्या चुका सुधारायच्या नाहीत, हा त्यांच्या धर्माचा मोठा नियम. एखाद्या पट्टीची कड वाकडी कापलेली असेल, तर साडू तेवढीच वाकडी कापणार. "त्या मानसाला त्या दिशी घाई असंल. आपन कोन त्याला शिकवनारे?" हा 'तो माणूस' म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात, कोण जाणे किती वर्षांपूर्वी, कामाला असलेला एक अनोळखी कामगार. साडूंना तो नातेवाइकासारखा माहीत होता. तुकड्यावरची कानशीची रेघ बघून ते त्याची तब्येत सांगत. "आज गडी दमलाय." "हितं मुकादम मागं उभा ऱ्हायला असंल, बघा कसं चापून केलंय." आम्ही हसायचो. पण आमच्यापैकी कुणाच्याही तब्येतीची त्यांनी एवढी चौकशी कधी केली नाही, हेही खरं.

ह्या अनोळखी माणसावर त्यांचा जेवढा जीव, तेवढाच राग स्वतःच्या वडिलांवर. त्यांचा उल्लेख ते 'म्हातारा' असाच करत, वडील वारले त्यानंतरही. वडिलांनी छावणीच्या लिलावात एक महायुद्धातली जीप घेतली होती. खरीखुरी, ओरिजनल. आणि म्हाताऱ्यानं काय केलं? तिला पिवळा रंग फासला. मागं लाकडी बाकडी ठोकली. शनिवारी आणि अमावास्येला नगरहून शनिशिंगणापूरला माणसं कोंबून न्यायची, एरवी कांद्याच्या गोण्या. शेवटी गाडी थकली, तेव्हा किलोच्या भावानं भंगारवाल्याला देऊन टाकली. साडू तेव्हा नुकतेच मिसरूड फुटलेले. भंगारवाला दारात उभा असताना त्यांनी पाना घेऊन गाडीचा हाताला लागेल तो एक भाग सोडवून घेतला, तेवढाच उरला. "म्हाताऱ्यानं सोन्यासारखी गाडी नासवली," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ते मला त्यांच्या आडनावासारखं वाटायला लागलं होतं.

तो वाचलेला भाग म्हणजे दिव्याचं कडं. त्या जीपच्या डाव्या मडगार्डवर एक छोटा दिवा असतो. अंधारात वरून विमानाला दिसू नये म्हणून त्याचा उजेड झाकलेला, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून पुढं लोखंडी पट्टीचं एक कडं. साडूंच्या शेडमध्ये ते दाराजवळच्या पहिल्या खिळ्याला होतं. त्यावरूनच ते पहिल्यांदा हे काम शिकले आणि त्या कड्यांनीच त्यांचं नाव झालं. त्या कड्याच्या खालच्या टोकाला एक भोक आहे. जरासं तिरकं. ते तिरकेपण साधायला साडूंना महिनाभर लागला होता. उजव्या हातानं तिरकं पडेना, पट्टी तिरपी धरावी लागायची. त्यावरून त्यांनी निदान केलं होतं की तो माणूस डावखुरा होता. शिवाय घाईत होता. शिवाय त्याच्याजवळ त्या दिवशी कानस नव्हती, कारण भोकाची कड कानशीनं नव्हे, कशावर तरी घासून साफ केलेली आहे. "ह्याच्यावर माझा लई जीव हाय, पाव्हणं. घाईतबी त्यानं कड घासली. कुनाच्या बोटाला लागू नये म्हून."

साडूंची कडी देशभर गेली, तसं ते भोकही गेलं. शौकीन मंडळींत त्यावर वाद झाले. कुणी म्हणालं पावसाचं पाणी निथळायला, कुणी म्हणालं गाडी झाकायची जाळी बांधायला. हळूहळू असं झालं की ज्याच्या कड्याला भोक नाही, त्याची गाडी खोटी. पुण्याचे एक निवृत्त कर्नलसाहेब ह्याच कारणानं साडूंकडे आले. त्यांच्या जीपला भोक नव्हतं म्हणून प्रदर्शनात परीक्षकांनी गुण कापले होते, आणि पुढचं प्रदर्शन तोंडावर आलं होतं. मी तेव्हा तिथंच होतो. साडूंची आत्याही होती. ती नेवाशाकडच्या एका खेड्यातली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेली. ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं स्पष्ट दिसत होतं आणि दिसेल ते ती स्पष्ट बोलत होती.

कर्नलसाहेब चहा घेता घेता मला समजावून सांगत होते. "ह्या छिद्राचा व्यास बघा. जाळीचा हूक बरोबर ह्यातच बसतो. काय विचार केलाय त्या लोकांनी!" समोर टीपॉयवर खिळ्यावरून काढून आणलेलं मूळ कडं होतं. आत्यानं ते उचललं, डोळ्यांजवळ नेलं, आणि म्हणाली, "आगं बया! हे आजून हाय व्हय? हे लिंबू-मिरचीचं भोक हाय न्हवं?"

"काय?" कर्नलसाहेब म्हणाले.

"शनवारची लिंबू-मिरची बांधायचं. आदी दोऱ्यानं बांधायचा आमचा भाऊ, तर निम्म्या वाटंतच लिंबू पडायचं. शनीच्या वाटंवर आन् गाडीला लिंबू न्हाई, मंग मान्सं बसंनात. म्हून भोक पाडलं."

कर्नलसाहेब मोठ्यानं हसले. "आजी, हे छिद्र अमेरिकेत पडलंय."

"आमेरिका कुटं हाय ते मला ठाव न्हाई," आत्या म्हणाली. "हे आमच्या दारात पडलंय. मी व्हते तितं."

मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी बशीतला चहा परत कपात ओतला. 'ओरिजनल' ह्या एका शब्दावर त्या माणसानं सगळा जन्म रचला होता. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी चांगल्या पट्ट्यांना भोकं पाडून घेतली होती. म्हातारीचं काहीतरीच, असं म्हणून हसण्यावारी नेलं असतं, तर कुणाला काही कळलं नसतं. सुमन दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आत्या," साडू म्हणाले, "म्हाताऱ्यानं ड्रिल कुठल्या हातात धरलं हुतं?"

"डाव्या. त्यो डावराच हुता की. जेवाया आन् देवाला तेवढा उजवा, आमच्या आईच्या धाकानं. तुला ठाव न्हाई? तू बघतोयस कदी, त्यो सदा गाडीवर."

"घाईत हुता?"

"मंग? मान्सं गाडीत बसून वरडत व्हती. सुताराकडनं ड्रिल मागून आनलं, भोक पाडलं आन् पायरीच्या दगडावर घासलं. म्हनला, उद्या लिंबू बांधताना पोराचं बोट कापंल. तू तवा रांगत हुतास; तुला कळाया लागलं तवर लिंबू बंपरला बांधाया लागले व्हते."

म्हणजे साडूंचं निदान अचूक होतं. डावखुरा, घाईत, कानस नाही, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून कड घासलेली. सगळं तंतोतंत खरं होतं, फक्त खंड चुकला होता.

साडूंनी बशी खाली ठेवली. "साहेब," ते म्हणाले, "आत्या खरं बोलतीय. हे भोक ओरिजनल न्हाई. तुमचं आदीचं कडं बरोबर हुतं."

कर्नलसाहेबांनी कडं उचलून भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. माणूस सज्जन होता. मग म्हणाले, "मी मानतो. पण परीक्षक मानणार आहेत का? मला भोकासकटच द्या." आणि जाताना आत्याच्या पाया पडून गेले.

पुढचा आठवडा साडू फोनवर होते. कडं नेलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की भोक माझ्या बापानं लिंबासाठी पाडलेलं आहे, माझी चूक झाली, कडं परत पाठवा. कुणी पाठवलं नाही. एकानं सांगितलं, तुम्ही फार विनयानं बोलता. दुसरा म्हणाला, माझ्या ग्रुपवर यावर मी एवढं लिहिलंय, आता असलं बोलू नका. तिसऱ्याला वाटलं की भोक पाडायचा कंटाळा आला म्हणून हे टाळाटाळ करताहेत. खरं बोलून अब्रू घालवायची त्यांची पुरती तयारी होती, पण काही केल्या अब्रू जाईना. विश्वास ठेवणारा एकच निघाला, कोल्हापूरकडचा एक शिक्षक. "तुम्ही म्हणता तर नसेलच," तो म्हणाला. "मला बिनभोकाचं करून द्या."

ते कडं तयार झालं त्या दुपारी मी शेडमध्ये गेलो होतो. साडूंनी ते माझ्या हातात दिलं. "हे ओरिजनल, पाव्हणं. आता कुनी नाव ठेवायचं न्हाई."

"छान झालंय," मी म्हटलं. मला काय कळतंय त्यातलं!

"छान हाय," ते म्हणाले. "पर भुंडं दिसतंय."

बांगड्या नसलेल्या हाताला आपण भुंडा म्हणतो. लोखंडाच्या पट्टीला हा शब्द लागलेला मी पहिल्यांदाच ऐकला. ते कडं त्यांनी कागदात गुंडाळलं, शिक्षकाचा पत्ता घातला आणि बाजूला ठेवलं. कबूल केलं होतं, तसं ते बिनभोकाचंच गेलं. मग त्यांनी दुसरी एक पट्टी बाकावरच्या शिकंज्यात घट्ट आवळली. तिरपी नव्हे, सरळ. ड्रिल उचललं आणि डाव्या हातात घेतलं.

"अहो, हात कापून घ्याल," मी म्हणालो.

"दादांनी असंच पाडलं असंल," ते म्हणाले.

वडिलांना ते 'दादा' म्हणत असत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. सुमनलाही नसावं. ड्रिलचं टोक पट्टीवर घसरत होतं, साडू पुन्हा पुन्हा ते जागेवर आणत होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी बाहेर येऊन उभा राहिलो. आतून बराच वेळ लोखंड कुरकुरत होतं. मग ते थांबलं आणि दगडावर काहीतरी घासल्याचा आवाज यायला लागला.

मी त्यांचा निरोप न घेताच निघालो. माझे वडील रोज सकाळी अंगणात बसून दाढी करायचे आणि मी समोर आरसा धरून उभा असायचो. वस्तरा ते कोणत्या हातात धरायचे, हे घरी पोहोचेपर्यंत मला आठवलं नाही.